पायाखालचं बटण

काय दोस्तांनो, परीक्षा कशी गेली? बरी गेली असेल, तर आज बाईंची चूक ऐकायला तयार व्हा. वर्गात तुमच्या चुकांवर लाल पेनानं गोल काढणाऱ्या बाई कधी कधी स्वतःही चुकतात. माझी ही चूक होती एका एवढ्याशा बटणाची!

माझा भाचा दहावीत आहे. त्याला गिटारचं वेड. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलण्यासाठी जमिनीवर एक धातूची डबी ठेवतात. तिला म्हणतात इफेक्ट पेडल. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तारांवर गुंतलेले असतात, मग बटण दाबायचं कशानं? पायानं! 1962 साली अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीनं ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाची अशी डबी बाजारात आणली. तेव्हापासून आजपर्यंत गिटारवाल्यांचा पाय काही स्वस्थ बसलेला नाही.

भाच्याकडे आहे ‘डिले’चं पेडल. एक स्वर वाजवला की थोड्या वेळानं तोच स्वर पुन्हा ऐकू येतो. डोंगरावरून हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो ना, अगदी तसा. हा प्रतिध्वनी किती वेळानं यावा, ते पायानं ठेका देऊन सांगता येतं. दोन ठोक्यांमध्ये जेवढा वेळ गेला तेवढा पेडल मोजतं आणि तेवढ्याच वेळानं स्वर परत पाठवतं. यासाठी पेडलला बाहेरून एक छोटं बटण जोडायचं असतं. भाचा म्हणाला, “मावशी, तू बुधवार पेठेत चाललीच आहेस तर मला एक फूटस्विच आण. डबी मी घरीच करतो.”

दुकानदारानं विचारलं, “लॉकवालं देऊ की बिनलॉकचं?” मी म्हटलं, “चांगलं मजबूत द्या हो, पोरगा पाय आपटतो!” त्यांनी दिलेलं बटण दाबून पाहिलं. ‘टक्’ असा झकास आवाज आला. मी खूश!

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी डबी तयार झाली. तालीम करायला वेळच उरला नव्हता. संध्याकाळी रंगमंचावर त्यानं पायानं चार ठोके दिले, वाजवायला सुरुवात केली आणि सगळा गोंधळ झाला. प्रतिध्वनी फार उशिरा येत होता. गाणं पुढे जायचं आणि मागचा स्वर येऊन दुसऱ्याच स्वरावर आदळायचा. मुलं हसली. भाचा खाली मान घालून आत निघून गेला. आणि मी काय केलं असेल? जवळ जाऊन म्हणाले, “सराव कमी पडला बघ तुझा.” तो एक शब्दही बोलला नाही.

रात्री ती डबी हातात घेऊन मी सहज दाबत बसले होते. टक्. टक्. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता तुम्ही असं करा. एक बॉलपेन घ्या आणि दाबा. रिफिल बाहेर आली, बोट काढलं तरी बाहेरच राहिली. पुन्हा दाबा, आत गेली. आता दारावरची बेल आठवा. बोट आहे तोवर वाजते, बोट उचललं की थांबते. फूटस्विचच्या मुख्य जाती या दोनच! पेनासारखं ते लॉकवालं, इंग्रजीत लॅचिंग. बेलसारखं ते बिनलॉकचं, म्हणजे मोमेंटरी. दुकानात त्याला ‘पुश-टू-ऑन’ असंही म्हणतात.

भाच्याला हवं होतं बेलसारखं, मी आणलं पेनासारखं. त्याचं पेडल प्रत्येक वेळी बटण ‘चालू’ झालं की एक ठोका मोजतं. लॉकवालं बटण पहिल्या ठोक्याला चालू झालं, दुसऱ्याला बंद, तिसऱ्याला चालू, चौथ्याला बंद. म्हणजे पेडलला ऐकू आले फक्त पहिला आणि तिसरा! गाण्याचे मिनिटाला 100 ठोके असतील तर दोन ठोक्यांत 60 भागिले 100, म्हणजे 0.6 सेकंद अंतर हवं. पेडलनं मोजलं 1.2 सेकंद, बरोबर दुप्पट! पोराचा ठेका अचूक होता, चुकलं होतं माझं बटण.

मग बटण निवडायचं कसं? स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: लक्षात कोण ठेवणार? पाय उचलल्यावर ‘चालू आहे’ हे बटणानंच लक्षात ठेवायचं असेल, तर लॉकवालं घ्या. लक्षात ठेवायचं काम आतलं सर्किट करत असेल, तर बटणानं फक्त निरोप द्यायचा, म्हणून बिनलॉकचं घ्या. आणि पाय असेपर्यंतच काम व्हायचं असेल, तरीही बिनलॉकचंच. कीबोर्डच्या सस्टेन पेडलला असंच लागतं. पाय आहे तोवर स्वर लांबतो.

आता बटण उलटं करा. खाली पाय दिसतील, म्हणजे तारा जोडायच्या पट्ट्या. कुठे दोन, कुठे सहा, कुठे नऊ. हे कशासाठी? आपण आगगाडीचं उदाहरण घेऊ. गिटारचा आवाज ही गाडी. तिला दोन मार्ग आहेत. एक सरळ, दुसरा इफेक्टच्या स्टेशनातून वळून येणारा. गाडी वळवायची तर निघण्याच्या टोकाला सांधा बदलावा लागेल. आणि पलीकडच्या टोकाला? तिथलाही बदलायला हवा, नाहीतर गाडी परत मुख्य मार्गावर येणार कशी? दोन्ही सांधे एकाच वेळी हलले पाहिजेत. प्रत्येक सांध्याला तीन पाय लागतात, म्हणून दोन सांध्यांचे सहा. हे झालं डीपीडीटी बटण. इफेक्ट चालू आहे हे दाखवणारा बारका दिवाही हवा असेल, तर त्याच्यासाठी तिसरा सांधा. तीन त्रिक नऊ! हे थ्रीपीडीटी. अशा बटणानं इफेक्ट बंद केला की आवाज सर्किटला न शिवता थेट पुढे जातो. त्याला ‘ट्रू बायपास’ म्हणतात. त्यामुळे पेडलची बॅटरी संपली तरी साधा आवाज येत राहतो. भाच्याच्या ठेक्याच्या डबीत मात्र सांधाबिंधा काही नाही. दोन तारा आणि दोन पायांचं बटण, झालं काम.

काही कंपन्यांच्या पेडलमध्ये पायाखाली बिनलॉकचं हलकं बटण असतं आणि मार्ग बदलण्याचं काम सर्किट करतं. बटण जोरात ‘टक्’ वाजलं नाही म्हणून ते बिघडलंय असं समजू नका. आणि ‘टक्’ वाजलं म्हणून ते चांगलंच, असंही नाही. हा धडा मला 40 रुपयांत मिळाला!

जुनं बटण बदलायचं असेल तर ते काढण्याआधी कोणती तार कुठे आहे याचं चित्र वहीत काढा. दुकानात जुनं बटण बरोबर न्या, पाय मोजा, जात विचारा. जाडीही बघा, नाहीतर डबीच्या भोकात बसायचं नाही. डाग देताना घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. तापलेलं सोल्डरिंग आयर्न पायावर फार वेळ टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि नवं बटण वाया जातं. आणि आपले प्रयोग सेलवर किंवा 9 व्होल्टच्या बॅटरीवरच. भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही म्हणजे नाही!

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “चूक माझी होती रे. न तपासता तुला बोलले, ते त्याहून वाईट.” तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, चल, आता दुकानात बरोबरच जाऊ.” या वेळी दुकानदारानं विचारल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मोठ्या आवाजात उत्तर दिलं, “बिनलॉकचं!”

आईबाबांनाही एक सांगते. मूल चुकलं असं वाटलं, तर बोलण्याआधी एकदा त्याच्या हातातलं, नाहीतर पायाखालचं साधन तपासून पाहावं.

आता तुमच्यासाठी कोडं. टेबललॅम्पचं बटण, मिक्सरचा ‘पल्स’ आणि फ्रिजच्या दारातलं बटण यांच्या जाती ओळखा. फ्रिजचं जरा जपून हं. ते दाबलं की दिवा लागतो का विझतो? दार उघडून बोटानं दाबून बघा, पण आईला विचारून. उत्तर पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई