बळी, वामन आणि सोंगाड्या

लोककथेतला ठक बहुधा दुबळा असतो. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला रानात वाघ अडवतो. अंगावर मांस नाही, लेकीकडे दूधतूप खाऊन येते, मग खा, असे सांगून ती निसटते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. म्हातारी खोटे बोलते, दिलेला शब्दही मोडते. तरी गोष्ट ऐकताना कुठल्या पोराने वाघाची बाजू घेतल्याचे ऐकिवात नाही. दात-नखे सगळी एकाच्याच वाट्याला आली असताना दुसऱ्याने खरे बोलावे, अशी अपेक्षा लोककथा करतच नाही.

तमाशाने या ठकाला सोंगाड्या म्हणून हक्काची जागा दिली. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो. त्याच्या सोबतीला लंगडा नि बोबडा पेंद्या. देवाच्या शेजारी उभा राहून हा पेंद्या देवाचीच फिरकी घेतो. आणि लुगडे नेसलेला पुरुष, म्हणजे मावशी, दोघांनाही पुरून उरते. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, सोंगाड्याला आणखी धार चढते. राजाने हुकूम सोडावा आणि याने तो शब्दशः पाळून राजालाच पेचात टाकावे. सोंगाड्या खुळा आहे असे राजाला वाटते, प्रेक्षकांना क्षणभरही वाटत नाही. सगळी गंमत एवढ्यातच आहे. कवलापूरच्या काळू-बाळूंनी ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार रंगवले. दादा कोंडके यांनीही १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हवालदारच उभा केला. ज्या हुद्द्याला गाव बिचकून असे, तोच खुळ्याच्या अंगावर चढवावा, हा योगायोग म्हणवत नाही.

रोजच्या जगण्यातही हाच न्याय चालतो. सावकाराला चकवणाऱ्याचा किस्सा पारावर वर्षानुवर्षे रंगतो. शेजाऱ्याच्या दुधात पाणी घालणाऱ्याला मात्र नुसत्या शिव्या मिळतात.

दिवाळीतल्या पाडव्याची कथा उलटी आहे. तिथे ठक खुद्द विष्णू. बटूच्या रूपात तो तीन पावले जमीन मागतो आणि दानशूर बळीला पाताळात घालतो. पुराणांच्या लेखी ही लीला. पण केरळात ओणमला बळी प्रजेला भेटायला येतो असे मानतात, आणि महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या घरी त्याचेच राज्य येवो म्हणून ओवाळतात. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त वामनाला कपटी ठरवले. त्यांच्या इतिहासमांडणीवर वाद झाले खरे. बाजू मात्र त्यांनी नवी निवडली नव्हती. ती ओवाळणाऱ्या बायकांनी कधीच घेतलेली होती.