कुंकळ्ळीचे हुतात्मे किती?

जुलै १५८३ मध्यें गोव्यांतील साष्टी प्रांतांत कुंकळ्ळी येथें ग्रामस्थांनीं जेझुइट संघाच्या पांच जणांस ठार केलें. १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं या पांचांस संतपदाच्या अलीकडील ‘धन्य’ ही पदवी दिली, व त्यांची उपासना आजही चालू आहे. तीस आमचा विरोध नाहीं. त्या दिवशीं ते निःशस्त्र होते. सोबतचा पोर्तुगीज गृहस्थ बंदूक रोखूं लागला तेव्हां पाद्री पाशेको यांनींच त्यास आवरलें. असलें धैर्य कोणत्याही धर्माच्या माणसाचें असो, त्यापुढें मस्तक लवविण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

परंतु भाविक चरित्रकार जेथें थांबतात, तेथूनच आमची तक्रार सुरू होते. पाशेको व बेर्नो हे दोघे यापूर्वीं पोर्तुगीज फौजेबरोबर याच गांवीं आले होते आणि देवळांच्या विध्वंसांत त्यांचा हात होता, हें खुद्द कॅथलिक ग्रंथकारांनींच लिहून ठेविलें आहे. याच पांचांतील आक्वाविवा हे फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारीं सुमारें तीन वर्षें धर्मचर्चा करून सुखरूप परतले होते. तेथें उपदेशामागें फौज नव्हती; येथें होती.

यावरून वध क्षम्य ठरतो असें कोणीं समजूं नये. वध तो वधच. मग तोच न्याय दुसऱ्या पक्षासही लावावयास नको काय? पुढें गांवच्या सोळा प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून चौकशीवांचून मारण्यांत आलें. एक तेवढा निसटला, असें सांगतात. या विश्वासघातास कोणत्या शास्त्रांत पुण्य म्हटलें आहे?

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच आहे. त्या दिवशीं पाद्र्यांबरोबर चौदा देशी ख्रिस्तीही मारले गेले. त्यांत वेदीची सेवा करणारा एक मुलगा होता. स्थळ तेंच, श्रद्धा तीच, मरणही तेंच. परंतु १८९३ च्या यादींत हे चौदा नाहींत, व संघाबाहेरचा तो पोर्तुगीज गृहस्थही नाहीं. हौतात्म्य जर रक्तानें सिद्ध होतें, तर यांचें रक्त कोणत्या तराजूंत हलकें ठरलें? ज्यांच्यामागें संघ, त्यांस वेदी. ज्यांच्यामागें कोणी नाहीं, त्यांस विस्मृति!

संतांची पूजा करणाऱ्यांनीं ती खुशाल करावी. मात्र पाडलेलीं देवळें, फसवून मारलेले ग्रामप्रमुख आणि हे वगळलेले सोबती यांचाही उच्चार तेथें व्हावा. सत्याच्या उच्चारानें जें पावित्र्य उणें होईल, तें मुळांत पावित्र्यच नव्हे.