नसलेल्या दारांचे जतन

वारसा म्हटला की किल्ला, लेणे वा जुना वाडा डोळ्यांसमोर येतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरचा वारसा असा मोजून यादीत नोंदवता येत नाही. तेथे शनिदेवाची सुमारे साडेपाच फुटांची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. देवावर छप्पर नाही, तशी गावातील घरांनाही परंपरेने दारे नाहीत. चौकट आहे, फार तर पडदा आहे. जे कधी बांधलेच नाही, त्याचे जतन कसे करावे?

विकासाची गरज नाकारून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. शनी अमावास्येला येथे भाविकांचा महापूर लोटतो; शिर्डीहून येणाऱ्या वाहनांची रीघ तर नेहमीचीच. पाणी, स्वच्छतागृहे, वाहनतळ, निवास या सोयी हव्यातच. गावच्या तरुणांना त्यातून रोजगारही हवा. परंतु दार नसलेले घर श्रद्धेइतकेच शेजाऱ्याच्या नजरेच्या आधाराने सुरक्षित राहते. जुन्या वस्तीतच निवासगृहे आणि दुकाने दाटली, गल्लीगल्लीतून रात्रंदिवस अनोळखी वर्दळ सुरू झाली, की ती नजर निष्प्रभ होते. मग एका घराला दार बसते आणि पाठोपाठ दुसऱ्याला. श्रद्धा ढळली नसतानाही परंपरा अशी खंडित होते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याने जमिनीच्या वापराबरोबरच ऐतिहासिक व नैसर्गिक महत्त्वाच्या स्थळांचे जतन हाही नियोजनाचा विषय मानला आहे. घराला दार लावू नका, असा हुकूम कायद्याने देऊ नये. मात्र ज्या परिस्थितीत दाराची गरज भासत नाही, ती परिस्थिती कायदा निश्चित राखू शकतो. गावठाणातील इमारतींची उंची व वापर यांवर मर्यादा घालावी. मोठी निवासगृहे आणि वाहनतळ वस्तीबाहेर, घोडेगावकडून येणाऱ्या मार्गालगत असावेत. तेथून भाविकांनी पायी जावे, वृद्ध व अपंगांसाठी छोटी वाहने ठेवावीत. ज्या पानसनाल्याच्या पुरात शिळा वाहून आली असे परंपरा सांगते, त्याचे पात्र अतिक्रमणमुक्त ठेवावे.

आधुनिक व्यवस्था गावाच्या रीतीशी जुळवून घेऊ शकते, हे 2011 मध्ये युको बँकेने येथे ‘कुलूप नसलेली’ शाखा उघडून दाखवून दिले आहे. बँकेला जे साधले, ते नियोजनकारांना का साधू नये? 2018 मध्ये विधिमंडळाने या देवस्थानाच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा संमत केला. तथापि देवस्थानाचा कारभार आणि गावाची रचना या भिन्न बाबी आहेत. देवस्थान कोणाच्याही हाती असो, गावाचा आराखडा ग्रामसभेच्या सहभागाविना ठरता कामा नये.

2024 पासून हा जिल्हा ज्यांचे नाव धारण करतो, त्या अहिल्यादेवी होळकरांनी देशभरातील तीर्थक्षेत्रांत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. यात्रेकरूची सोय आणि क्षेत्राचे पावित्र्य यांत त्यांना विरोध दिसला नाही. तोच विवेक येथे हवा आहे. दार लावावे की नाही, हे शिंगणापूरच्या प्रत्येक कुटुंबाने स्वतः ठरवावे. तो निर्णय भयापोटी घ्यावा लागू नये, ही जबाबदारी नियोजनाची आहे.