भिडूचा डबल आणि आपले उत्तर

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ मोठी असते. चौघे जमले आणि पैसा न लावता ब्रिजचा डाव मांडला, तर ती बुद्धीला खाद्य देऊन जाते. सप्तव्यसनांत द्यूताचा क्रम पहिला असल्याने पत्त्यांविषयी आपल्या घरांत संकोच असतो आणि तो योग्यच आहे. परंतु दोष पैजेत आहे, पत्त्यांत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीसंबंधीच्या निकालात कौशल्याच्या खेळाचा विचार करताना तुलनेसाठी ब्रिजचाच दाखला घेतला होता. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा 60 वर्षांचे प्रणव बर्धन आणि 56 वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

या खेळातील एक प्रसंग व्यापारी माणसाला विशेष जवळचा वाटावा. पश्चिमेचा खेळाडू आरंभीच ‘दोन इस्पिक’ अशी उंच बोली करतो. त्याच्या हाती इस्पिकाची सहा पाने असतात, पण गुण सहा ते दहाच. बोलीमागे बळ थोडे. हेतू एवढाच की समोरच्या दोघांना आपसांत विचारविनिमय करण्यास जागा उरू नये. हिंगणघाट किंवा पुलगावच्या कापूस व्यापाऱ्याला ही चाल समजावून सांगावी लागणार नाही. पहिलाच भाव चढा पुकारला, की इतरांचे हिशेब क्षणभर विस्कटतात.

यावर उत्तरेचा भिडू ‘डबल’ म्हणतो. हा डबल दंडासाठी नसून विचारणेसाठी असतो. त्याचा अर्थ असा : माझ्याकडे तेरा-चौदा किंवा अधिक गुण आहेत, इस्पिक थोडे आहे, बाकीचे तीनही रंग मला चालतील, तुझा रंग कोणता आणि बळ किती, ते सांग. पूर्वेचा खेळाडू पास म्हणतो आणि प्रश्न दक्षिणेपुढे येतो.

आता दक्षिणेची पाने अशी समजा : इस्पिक 8-5-3, बदाम 9-7-6-4, चौकट 10-6-2, किलवर 9-7-3. एकही चित्र नाही, गुण शून्य. नवख्या खेळाडूच्या मनात येते, ‘माझ्याकडे काहीच नाही, मी काय बोलणार?’ आणि तो पास म्हणतो. येथेच घात होतो. या पासचा अर्थ ‘मजजवळ काही नाही’ असा होत नाही. ‘दोन इस्पिक डबल खेळू दे, मी त्यांना पाडतो’ असा होतो. रिकाम्या हाताने केलेला हा सर्वांत धाडसी दावा ठरतो. पश्चिमेचे आठ हात झाले, तर व्हल्नरेबल नसतानाही त्यांच्या खाती 470 गुण जमा होतात आणि व्हल्नरेबल असल्यास 670. उलट दक्षिणेने तीन बदाम बोलून, डबल न होता दोन हात कमी पडले, तर जातात केवळ 100. कधी विरोधक डबल देतात आणि हानी वाढते; तरीही दीर्घकाळात बोलणेच स्वस्त पडते. शिल्लक शून्य असली तरी ती वहीत मांडावीच लागते.

मात्र रिकाम्या हाताचे तीन बदाम आणि नऊ गुणांचे तीन बदाम यांत भिडूने फरक कसा ओळखावा? त्यासाठी अनुभवी जोड्या ‘लेबेनसोल’ नावाचा संकेत वापरतात. हात दुबळा असेल तर दक्षिणेने प्रथम ‘दोन नो-ट्रम्प’ म्हणावे. भिडू सामान्यतः तीन किलवर म्हणतो. मग दक्षिणेने किलवर हवे असल्यास पास करावे, अन्यथा आपला रंग सांगावा. थेट तीनची बोली केली, तर आठ-दहा गुणांचे उपयुक्त बळ समजावे. बदाम राजा-राणी-9-6-4 आणि चौकटीचा एक्का असा हात आल्यास चार बदामांवरच उडी घ्यावी. अशा हाताने भित्रेपणाने तीनवर थांबणे हीसुद्धा भागीदाराची फसगतच होय.

पास कधी करावा? इस्पिक राणी-गुलाम-10-9 अशी सलग साखळी आणि बाहेर एक-दोन निश्चित हात असतील तेव्हा. पश्चिम दक्षिणेनंतर खेळत असल्याने सुटी मोठी पाने सहज कापली जातात. साखळी मात्र टिकते.

भिडूनेही एक पथ्य पाळावे. डबल देताना त्याने समोरच्याकडे सहा-सात गुण गृहीत धरलेलेच असतात. चाळीस गुणांपैकी पश्चिमेचे आठ आणि स्वतःचे चौदा वजा केले, तर अठरा उरतात आणि ते उरलेल्या दोघांत वाटलेले असतात. म्हणून दुबळे उत्तर आल्यावर तेच गुण पुन्हा मोजून पुढे बोली वाढवू नये. एकच रक्कम दोनदा जमेस धरण्यासारखे ते होईल.

या खेळाचा आणखी एक नियम आपल्या पेढ्यांनाही साजेसा आहे. भिडूंमधील संकेत गुप्त ठेवता येत नाहीत; विरोधकाने विचारल्यास त्याचा अर्थ सांगावाच लागतो. आवाजाचा चढउतार किंवा लांबवलेला विराम यांतून भिडूला काही सुचवणे हेही नियमबाह्य आहे. जे सांगायचे, ते बोलीतूनच.

पुढचा डाव मांडण्यापूर्वी प्रत्येक जोडीने तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात : दोन नो-ट्रम्पचा अर्थ काय, थेट तीनच्या बोलीस किमान किती गुण हवेत आणि पास कोणत्या हाताने करावयाचा. पाने वाटल्यावर हे ठरवता येत नाही.