होडी कुणाची?

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. हा म्हणे विश्रांतीचा काळ! तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फटी बुजवायच्या, रंग, इंजिनदुरुस्ती, खलाशांची उचल – मी ज्या कोळीवाड्यांत काम करते तिथे हा पैसा बाईने वाळवलेल्या बोंबील-सुकटीतून उभा राहतो. नाही पुरला, तर तिचे सोने गहाण पडते. नोंदणी मात्र नवऱ्याच्या नावे. म्हणून परवाना, डिझेलचा परतावा, कर्ज सारे त्याचेच. त्याने तिला टाकले, की तिच्या हाती उरते ती फक्त टोपली.

जमिनीचा प्रश्न आपण लावून धरला. 1990च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. कोळी घराची जमीन म्हणजे होडीच ना? पण आपल्या मागणीपत्रकांत ती मला दिसलेली नाही. बचत गटांना शीतपेट्या वाटून हे भागणार नाही. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जातील. त्याआधी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गटाने आपल्या गावातली नोंदणीची कागदपत्रे पाहावीत आणि दोघांच्या नावे नोंदणीची मागणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे लेखी द्यावी.