सिमेंट वाढवलं की भिंत मजबूत?

व्हायवामध्ये ‘वीटकामाचं मॉर्टर कोणतं?’ असं विचारलं की आपण सगळे एका सुरात सांगतो, ‘सर, एकास सहा!’ मार्क मिळतात, विषय संपतो. पण एकास सहाच का? सिमेंट दुप्पट घातलं, एकास तीन केलं, तर भिंत दुप्पट मजबूत व्हायला नको?

नाही होत! मित्रांनो, हे ‘नाही’ का, ते पाठ केलेल्या प्रमाणापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत आहे.

आय.एस. १९०५ या कोडप्रमाणे एकास सहा मॉर्टरची २८ दिवसांची ताकद ३ न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरतात, एकास चारची ७.५. आणि ३.५ वर्गाची साधी भाजलेली वीट? तिची ताकद ३.५ च्या आसपास. म्हणजे एकास सहाचा माल विटेपेक्षा किंचित नरमच. खरी मेख इथेच आहे! भिंत थोडीफार हलतेच. उन्हाने फुगते, पाया जरासा दबतो. माल नरम असेल तर बारीक भेगा सांध्यांत पडतात, दर्जा पुन्हा भरता येतात. माल विटेपेक्षा कडक असेल तर वीटच तडकते, आणि भिंतीतली वीट बदलणं सोपं नाही. शिवाय जास्त सिमेंटचा माल वाळताना जास्त आकसतो. पैसे जास्त, भेगाही जास्त!

याचा अर्थ सगळीकडे एकास सहा असाही नाही. चार इंची पार्टिशनला एकास चार लागतं, कारण भिंतच पातळ. भूकंपाचा धोका जास्त असलेल्या भागात कोडच जास्त ताकदीचा माल मागतो. आणि चुना घालून केलेला १:१:६ माल? ताकद तीच ३, पण थापीवर लोण्यासारखा चालतो आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून विटेला नीट चिकटतो. पण साइटवर चुना आता क्वचितच दिसतो आणि आपल्या जर्नलमध्ये तो दोन ओळींत संपतो.

ट्रेकला गेल्यावर गडांवर चुन्याच्या घाणीचं गोल दगडी चाक आपण पाहतो, त्यावर बसून फोटोही काढतो. त्याच चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांच्या दर्जा मात्र आज सर्रास सिमेंटने भरल्या जातात. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत होती. सिमेंटने ती वाट बंद होते, मग ओल विटेतूनच बाहेर पडते, क्षार येतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दुरुस्ती म्हणून केलेलं काम भिंतीचाच जीव घेतं. उद्या अशा कामांवर सही करणारे आपणच असणार ना?

म्हणून एक सूचना. लॅबमध्ये नुसते क्यूब फोडण्याऐवजी एकास तीन, एकास सहा आणि १:१:६ अशा तीन मालांत पाच-पाच विटांचे थर रचून फोडू या. भेग सांध्यात जाते की विटेत, ते डोळ्यांनी दिसेल. आणि एखाद्या जुन्या गवंड्याला तासभर बोलवा. पाणी घातलेला माल दोन तासांत का संपवायचा, हे ते आपल्यापेक्षा चांगलं सांगतील.

मग व्हायवात ‘एकास सहा’ म्हणण्याआधी आपणच सरांना विचारू, ‘सर, भिंत कुठली?’