पूररेषा संगणकावर आली, गावात केव्हा येणार?

राहाता तालुक्याला पूर येतो तेव्हा पुष्कळदा तेथे पाऊस पडत नसतो. तालुका पर्जन्यछायेतला. उत्तर सीमेवर गोदावरी, दक्षिणेला प्रवरा. पण या नद्यांना फुगवणारा पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळतो. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीचे पाणी गंगापूर, दारणा या धरणांतून नांदूर मध्यमेश्वरला येते. तो बंधारा उथळ आणि गाळाने भरलेला, त्यामुळे आलेले पाणी तेथून कोपरगाव, पुणतांब्याकडे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. प्रवरेकाठच्या कोल्हारची भिस्तही अशीच भंडारदरा-निळवंडेच्या विसर्गावर. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदाकाठाने हा अनुभव घेतला. डोक्यावर ढग नसताना दारात पाणी येते, अशा प्रदेशात पाणी कोठवर चढेल हे सांगणारा नकाशा हाच खरा आधार ठरतो.

असे नकाशे पूर्वी हातांनी घडत. डंपी लेव्हल आणि मोजपट्टी घेऊन सर्वेक्षक नदीचे आडवे छेद घेत, पुलाच्या खांबावरची महत्तम पूरपातळीची खूण तपासत आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर रेषा ओढत. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये परिपत्रक काढून या रेषांना शिस्त लावली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव, दोहोंच्या मध्ये निर्बंध. काम चोख, पण अतिशय संथ. एका नदीचे मोजमाप पुरे होईपर्यंत तिच्या काठावर नवी वसाहत उभी राही!

ही कोंडी फोडली ती भारतीय उपग्रहांनी. २००५ च्या कार्टोसॅट-१ ने भूपृष्ठाची उंची मोजण्याची स्वदेशी सोय झाली. २०१२ च्या रिसॅट-१ चे रडार ढगांआडून, रात्रीही जमीन न्याहाळू शकत होते. भर पावसात बुडालेले क्षेत्र टिपायला याहून उपयुक्त साधन कोणते? त्याचा वारसा २०२२ पासून ईओएस-०४ कडे आला. ड्रोन आणि लेसर मापनाची जोड मिळाल्याने महिन्यांचे काम आठवड्यांवर आले. ही झेप अभिमानास्पद आहे, यात शंका नाही.

तथापि संगणकाच्या पडद्यावरची रेषा जितकी रेखीव, तितकी ती बिनचूक असतेच असे नाही. उपग्रहावरून मिळणाऱ्या उंचीच्या आकड्यांत काही मीटरची चूक राहू शकते. काठाचा चढ शंभर मीटरला एक मीटर असेल, तर उंचीतल्या एका मीटरच्या चुकीने पूररेषा शंभर मीटर सरकते. कोणाचे घर त्यात येते, कोणाचे सुटते. शिवाय या तालुक्याचे मुख्य पीक ऊस. उभ्या दाट उसाखाली साचलेले पाणी रडारला नीटसे दिसत नाही. ते त्या शेताच्या मालकाला दिसते.

म्हणूनच जुनी पद्धत अडगळीत टाकण्याची घाई घातक आहे. पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे, अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेला घाट आहे. घाटाच्या गावात पूर पायऱ्यांनी मोजला जातो. नाशिककर तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात, तसाच. कोणत्या साली पाणी कोठवर आले, हे वृद्ध माणसे बोट ठेवून दाखवतात. ही बोटे टेकतात त्या जागांची उंची उपग्रहाधारित यंत्राने मोजून संगणकाच्या प्रतिमानाशी ताडून पाहावी. जेथे मेळ बसत नाही, तेथे प्रतिमान दुरुस्त करावे. दुर्दैवाने हे कष्टाचे काम वगळून रंगीत नकाशा छापण्याचा मोह मोठा असतो.

दुसरा प्रश्न नकाशा राहतो कोठे, हा. पूररेषेवर जमिनीचे मोल ठरते. साहजिकच ती सरकवून घेण्याची खटपट होते आणि दप्तरात बंद असलेली रेषा सरकवणे सोपे जाते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांचे नकाशे तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांवर आणि गटनंबरांच्या नकाशावर दोन्ही रेषा उतरवून ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येतील. शेताच्या बांधावर निळे-लाल दगड रोवायला तर उपग्रहही लागत नाही. नांदूर मध्यमेश्वरहून किती क्युसेक पाणी सोडले, हे आकडे पावसाळ्यात गावोगाव पोहोचतात. त्या आकड्याला आपल्या गावातला कोणता दगड बुडणार, एवढेच पुणतांब्याच्या शेतकऱ्याला हवे आहे.